एका ओढीत सोळा मात्रा

टेलरिंगच्या दुकानात चिंध्या कोणी मुद्दाम साठवत नाही. कापड कापायचं, उरलेला तुकडा पायाने मशीनखाली सारायचा, आणि सहा महिन्यांनी बघावं तर पोतं भरलेलं! टाकवतही नाही आणि कामालाही येत नाही. आमच्या व्हायोलिनच्या वर्गाचे किस्से असेच साठलेत. ब्लाउजचं माप देता देता एखादी बाई विचारते, "ताई, तुमी त्ये व्हायोलिन शिकता म्हणं?" की माझं पोतं उघडलंच म्हणून समजा. मग बाईला घरी स्वयंपाकाची घाई असो नाहीतर बस चुको, किस्सा पुरा झाल्याशिवाय मी टेप गुंडाळत नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. वर्ग आमच्या चौसाळ्यात, हायवेपासून थोडं आत, खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी आठला. शिकवतात मुळे सर. शाळेतून रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झालीत, पण आवाजाचा दरारा अजून तासावर असल्यासारखा. शिकणारे आम्ही चौघं. मी शकुंतला, लेडीज टेलर. सोनाली, मेडिकलच्या दुकानात बसते. बाळासाहेब, शेजारच्या गावचे माजी सरपंच आणि मोठे बागायतदार. आणि रंगनाथ आप्पा, साठीला टेकलेले, मेंढरं राखतात.

लोकांना वाटतं व्हायोलिन डाव्या हाताने वाजतं, कारण बोटं नाचताना दिसतात. सर म्हणतात, "नाचतो डावा, पण गातो उजवा." म्हणून आमच्याकडे सगळा मार उजव्या हातावर. बो, म्हणजे केस ताणून बसवलेला गज, हातात घ्यायचा, मोकळ्या तारेवर ठेवायचा आणि मुठीपासून टोकापर्यंत एकाच ओढीत 'सा' काढायचा, सोळा मात्रा! सूर तुटला, थरथरला, किरकिरला, की सर एकच शब्द म्हणणार, "फिरून."

रागावणं नाही, समजावणं नाही. नुसतं "फिरून". पहिल्या वर्षी मी हा शब्द इतका घरी नेला की माझी पोळी करपली तरी नवरा ताटावरून म्हणायचा, "फिरून!"

रविवारी वर्ग सुरू होताना प्रत्येकाने एक ओढ काढायची आणि मात्रा दुसऱ्याने मोजायच्या, ही आमची रीत. सगळ्यांत शेवटी सर स्वतः काढतात. सोनालीने एकदा विचारलं, "सर, तुम्ही कशाला?" सर म्हणाले, "नियम सगळ्यांना. मलासुद्धा."

आणि सोळा निघाल्या तर काय? तर एकादशीला नारायणगडावर भजनात व्हायोलिन घेऊन बसायचं. तिथे व्हायोलिनची जागा एकच, आणि तिच्यावर कित्येक वर्षं सर बसत आलेले.

*

बाळासाहेब पहिल्या दिवशी आले ते दोन माणसं घेऊन. एकाच्या हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली. सतरंजीवर मांडी ठोकून म्हणाले, "सर, मी पंधरा वर्षं गाव चालवलंय. ह्यो बो काय, आठ दिवसांत चालवतो."

आणि चालवला! असा दाबून ओढला की खालच्या खताच्या दुकानातला माणूस जिना चढून वर आला, "काय पडलं का?" म्हणून विचारायला.

सर शांतपणे म्हणाले, "बाळासाहेब, दाबून सही मिळते. सूर मिळत नाही."

बाळासाहेबांची दोन्ही माणसं भिंतीकडे तोंड करून हसली. पुढच्या रविवारपासून बाळासाहेब एकटे यायला लागले. पेटी स्वतःच उचलून. त्यांच्याबद्दल लोक काहीही बोलोत, पण चार वर्षांत या माणसाने एक रविवार चुकवला नाही. निवडणुकीचा प्रचार असला तरी नऊनंतर!

*

आता माझी फजिती. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी.

माझा बो किरकिर करायचा. शेजारच्या दाराला ग्रीस लागलं नाही की येतो ना, तसा आवाज. आता मी पंचवीस वर्षं मशीनवर बसलेली बाई. कुठलीही वस्तू कुरकुरली की माझा हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जातो. शनिवारी संध्याकाळी मी मशीनचं तेल घेतलं आणि बोच्या केसांना मुठीपासून टोकापर्यंत छान चोळलं. वर मऊ फडक्याने पुसूनही घेतलं. केसालाच लावतेय म्हटल्यावर मनात शंका यायचं काही कारणच नव्हतं!

रविवारी सरांसमोर बसले. बो ओढला. आवाजच नाही. पुन्हा ओढला. बो तारेवरून असा सरकला जसा काही तिथे तारच नाही. किरकिर तर गेलीच होती, पण तिच्यासोबत व्हायोलिनही गेलं होतं.

सरांनी बो नाकाशी नेला. वास घेतला. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं.

"शकुंतला," सर म्हणाले, "बोला राळ लावतात ती केसांनी तार धरावी म्हणून. तू केसांना ती सोडायला शिकवलंस."

आप्पा म्हणाले, "ताई, बरं झालं वंगण न्हाई लावलं!"

तेल प्यालेले केस पुन्हा कामाचे राहत नाहीत. सगळे काढून नवे लावायचे. आणि ते लागतात घोड्याच्या शेपटीचे, दीड-दोनशे तरी.

*

घोड्याच्या केसांचं नाव निघताच बाळासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "आत्ता मागवतो." फोनवर फक्त एवढंच बोलले, "शेपटीचे केस पाह्यजेत, लांब, लगेच." दुपारी त्यांचा माणूस पिशवी घेऊन माझ्या दुकानात हजर. उघडून बघते तर काळेभोर, राठ, दोरखंड वळावा असे केस! म्हशीचे! साहेबांनी जनावराचं नाव सांगितलं नव्हतं, आणि साहेबांना उलट विचारायची त्या माणसाची टाप नव्हती.

शेवटी सरांनी काम आप्पांवर सोपवलं. सर म्हणाले, "आप्पा, घोड्याचे आणा, घोडीचे नकोत." आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आप्पांनी मात्र लगेच मान हलवली. "बरोबर हाय. घोडी मुतताना शेपूट भिजवती. केस लवकर कुजत्यात."

गावात लग्नाच्या वरातीला लागणारा एक पांढरा घोडा आहे. त्याचा मालक ऐकेना. म्हणाला, "शेपटीला कातर लावता? लग्नसराई तोंडावर हाय. शेपटीबिगर घोडा निघाला तर लोकं नवरदेवाकडं बघतील का घोड्याच्या मागं?"

आप्पा पुढे झाले. घोड्यापाशी गेले, गुळाचा खडा दिला, मानेवर हात फिरवत कानाशी काहीतरी पुटपुटले. मग शेपटीच्या मागे न उभं राहता बाजूला उकिडवे बसले आणि आतल्या अंगाचे केस तेवढे निवडून मुळाशी कापायला लागले. दोन तास! घोड्याने पाय हलवला नाही. मालकाला वरून शेपूट जशीच्या तशी दिसत होती. शेवटी तोच म्हणाला, "आप्पा, आनखी घ्या की."

सरांनी केस बसवले, गाठ आप्पांनी मारली. फक्त एक गोष्ट राहिली. वरातीचा घोडा म्हणून मालकाने शेपटीच्या खालच्या भागाला मेंदी लावलेली. त्यामुळे माझा बो मुठीकडे पांढराशुभ्र आणि टोकाकडे केशरी! मला आधी लाजच वाटली. पण सर खूश झाले. म्हणाले, "बरं झालं. तुम्हा लोकांना टोकापर्यंत जायची सवयच नाही. आता सबब सांगता येणार नाही. केशरी संपेपर्यंत ओढायचं!"

तेव्हापासून आम्हा चौघांची ओढ माझ्याच बोवर मोजली जाते. आणि 'केशरीला गेला का?' हा आमच्या वर्गाचा प्रश्न झाला.

*

आप्पा केशरीला कधीच जात नाहीत.

पूर्वी कधीतरी एका मस्तवाल एडक्याने, म्हणजे मेंढ्यातल्या नराने, त्यांना धडक दिली होती. उजवं कोपर मोडलं. गावातल्या हाडवैद्याने बसवलं. बसलं, पण हात पुरता सरळ होईना. बो ओढता ओढता बरोबर पांढरं संपतं तिथे त्यांचा हात अडतो. केशरीला एक केसही लागत नाही.

सोनाली एकदा न राहवून म्हणाली, "आप्पा, कोपर असं, वय असं. व्हायोलिनच कावून? बाजाची पेटी शिका ना."

आप्पा बो पुसत होते. पुसता पुसताच बोलले. "आमचे दादा गडावर भजनात गात्यात. थोरले भाऊ. आवाज अजून लई गोड हाय, पर दम ऱ्हायला न्हाई. वरच्या सुरावर गेले की मधीच तुटतो. मंग दादा खाली बघत्यात, आन् लोकं दादांकडं बघायचं टाळत्यात. त्ये मला बघवत न्हाई. दादांचा सूर तुटला की खालून मला धरायचाय. सोळा मात्रा धरला तर त्यांचा श्वास भरतोय. मी मोजलंय."

"पंधराला नाही भरत?" मी विचारलं.

"न्हाई."

बाळासाहेब म्हणाले, "अहो, सर असतात की तिथं. सर धरत्यात."

"सर धरत्यात, पर तुटल्यावर. मला तुटायच्या आधी कळतंय. दादा श्वास घेत्यात तवा त्यांची पाठ कशी हालती, त्ये मी पोरपणापास्नं बघत आलोय."

सरांनी हे सगळं ऐकलं. मग त्यांनी आप्पांचं कोपर दोन्ही हातांत धरून बघितलं, हळूच ताणून बघितलं आणि सोडून दिलं.

"केशरी विसरा," सर म्हणाले. "आहे त्या पांढऱ्यात सोळा बसवा."

हे मी लगेच समजले. कापड कमी आणि माप तेच! आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण कापड कमी पडलं तर ठिगळ लावता येतं, बोला नाही लावता येत. अर्ध्या बोत सोळा मात्रा बसवायच्या तर ओढ निम्म्याने हळू हवी. आणि ओढ हळू झाली की हाताचं वजनही तेवढंच उतरायला हवं, नाहीतर सूर चिरडतो. जास्त उतरलं तर सूर शिट्टी मारून पळून जातो. त्या दोन्हींच्या मधली वाट सुईच्या नेढ्याएवढी.

आप्पांच्या तेव्हा निघत होत्या सहा.

*

मात्रा मोजण्याचं काम हळूहळू आप्पांकडेच आलं. कारण आमचं मोजणं बेभरवशाचं. सोनालीला घाई असली की तिच्या मात्रा पळायच्या, मी मशीनच्या लयीत जायचे. आप्पा मात्र रोज संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, म्हणजे कुंपणात, घेताना एकेक मोजून घेणारा माणूस. मधलं गाळत नाहीत, एक वाढवत नाहीत.

एकदा बाळासाहेबांची बारी होती. दहाव्या मात्रेलाच त्यांचा बो केशरीच्या टोकाकडे पोचला. डोळे वटारून, बो न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून ते पुटपुटले, "आप्पा, जरा लवकर मोजा की!"

आप्पा त्याच चालीने म्हणाले, "अकरा... सायेब, मेंढरं काय आपल्या घाईनं वाडग्यात येत्यात व्हय?... बारा."

तेराव्याला बो संपला. सर म्हणाले, "फिरून."

*

आमच्या खोलीच्या मागच्या अंगाला सरूबाईंचा गोठा. एका रविवारी त्या पदर खोचून वर आल्या. "सर, तुमचं ह्ये घासणं सुरू झाल्यापास्नं माझी म्हैस पान्हा सोडंना!"

सर गांगरले. बाळासाहेबांनी समिती नेमण्याच्या सुरात सुरुवात केली, "हे बघा बाई, आपण दोन्ही बाजू..." तोवर आप्पा उठून खाली गेलेसुद्धा. दहा मिनिटांनी परत आले. "सडाला चीर पडलीया. हळद आन् लोणी लावा. सुराचा काय बी दोष न्हाई."

आठ दिवसांत म्हैस दूध द्यायला लागली. पण सरूबाईंनी त्याचं श्रेय हळदीला दिलंच नाही! पुढे दिवाळीत वर्गाला सुट्टी होती, तर रविवारी सकाळी त्या माझ्या दुकानाच्या दारात. "आज वर्ग न्हाई व्हय? म्हैस कवाची कान टवकारून उभी हाय!"

*

बाळासाहेबांचा फेट्याचा किस्सा तर त्यांच्या गावात अजून चघळतात.

पंधरा ऑगस्टला त्यांच्या गावी आमचा कार्यक्रम ठेवला होता. सरांनी महिनाभर एकच गोष्ट घोटून घेतली, सगळ्यांचे बो एकाच दिशेने चालले पाहिजेत. एकाचा आत आणि दुसऱ्याचा बाहेर असं झालं की सुराला बाधा नाही, पण बघणाऱ्याला वाटतं करवतीने लाकूड कापताहेत. सोनाली, मी, आप्पा बरोबर जायचो. बाळासाहेब उलटे! सर म्हणायचे बाहेर, हे आत.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही ओळीने बसलेलो, बाळासाहेबांच्या डाव्या हाताला सर. गावचे आत्ताचे सरपंच, म्हणजे बाळासाहेबांना पाडून आलेले, चांगला भरजरी फेटा बांधून स्टेजवर आले. आमचं वाजवणं चालू असतानाच ते सरांना नारळ द्यायला वाकले. नेमकं त्याच क्षणी आम्हा तिघांचे बो बाहेर गेले आणि बाळासाहेबांचा आत आला. आत आला की बोचं टोक डावीकडे पुढे येतं. ते थेट सरपंचांच्या फेट्याच्या पेचात घुसलं. मग बाळासाहेबांना चूक कळली, आणि त्यांनी ती सुधारली. जोरात बाहेर ओढला!

फेटा बोवर आणि सरपंच नारळासकट सरांच्या मांडीवर. समोर असल्या टाळ्या पडल्या की सरांच्या निरोप समारंभालाही तेवढ्या पडल्या नसतील.

बाळासाहेब आजही आईची शपथ घेऊन सांगतात की ते मुद्दाम नव्हतं. मला ते पटतं. सरांना मी विचारलं तर म्हणाले, "पंधरा वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाला सगळ्यांबरोबर एका दिशेला जा म्हणून सांगणं, ही माझीच चूक."

*

हे सगळं होत होतं आणि इकडे आप्पांच्या मात्रा वाढत होत्या. सहाच्या आठ व्हायला सात महिने लागले. आठाच्या अकरा व्हायला वर्ष गेलं. ते मेंढरांमागे जाताना सरांचं जुनं व्हायोलिन घोंगडीत गुंडाळून नेत. माळावर मेंढरं चरत आणि हे बाभळीखाली बसून एकच 'सा' ओढत. पावसाळ्यात हात जास्त आखडायचा. मग कोपराला गरम विटेचा शेक देऊन यायचे. पंधरावर आले, आणि तिथे मात्र गाडं रुतलं. दहा महिने पंधरा! दर रविवारी पंधरा! सोळावीला सूर शिट्टी मारून निघून जायचा, सर म्हणायचे "फिरून", आणि आप्पा चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बो पुन्हा तारेवर ठेवायचे. मला बघूनच रडू यायचं. त्यांना कधी आलं नाही.

याच काळात एकदा सर दुकानात आले. तीन शर्ट घेऊन. म्हणाले, "शकुंतला, याची बटणं काढून टिचबटणं लाव." मी म्हटलं, "सर, शर्टाला टिचबटणं? लहान पोरांच्या झबल्याला लावतात ती." सर म्हणाले, "दाबली की लागतात. बरं पडतं." मी लावून दिली आणि वर चेष्टाही केली. चहा मागवला तर म्हणाले, "अर्धाच कप सांग." मला काहीच कळलं नाही. दिवसभर लोकांच्या हातांची मापं घेते मी, आणि मला कळलं नाही!

*

मग तो रविवार. एकादशी चार दिवसांवर होती.

आप्पांची बारी आली. स्वतःची ओढ स्वतः मोजायची नसते, म्हणून मी मोजत होते. दहा झाल्या, बारा झाल्या. सूर एकसारखा, मशीनवर लांब शिवण सरळ जात राहावी तसा. चौदा. पंधरा. सोनालीने माझा हात धरला. सोळा! आणि बोवर अजून बोटभर पांढरं शिल्लक होतं!

आम्ही सगळे सरांकडे बघत राहिलो. सवयीने "फिरून" ऐकायची तयारी होती. सर म्हणाले, "झालं."

चार वर्षांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बाळासाहेबांनी आप्पांच्या पाठीवर अशी थाप मारली की व्हायोलिन पडता पडता वाचलं.

नंतर सर आपलं व्हायोलिन मांडीवर घ्यायला लागले. बाळासाहेब एकदम म्हणाले, "सर, आज राहू द्या. पेढे आणतो." आता वाटतं, त्या राजकारणी माणसाला सरांचा हात आमच्याआधी दिसला होता.

"नियम सगळ्यांना," सर म्हणाले. "आप्पा, मोजा."

सरांचा 'सा' सुरू झाला, आजवर सोळाच्या आत कधी न तुटलेला. आप्पा त्यांच्या त्याच चालीने मोजत होते. नवव्या मात्रेला बोचं टोक हलताना मी बघितलं. दहाव्याला सगळ्यांनी बघितलं. सरांनी दात आवळून धरलं, अकरा नेली, बारा नेली, आणि तेराव्याला बो तारेवर नाचला. सूर तुटला.

हायवेवरून ट्रक जात होते.

"तेरा," आप्पा म्हणाले.

मला त्या क्षणी आप्पांचा राग आला. खोटं कशाला बोलू? लई राग आला. चौदा, पंधरा, सोळा. तीन आकडे! म्हणून टाकायचे होते! कोणाचं काय जात होतं?

सरांनी बो पेटीत ठेवला. झाकण लावायला दोनदा हात चुकला. "एकादशीला आप्पा बसतील."

आप्पा हात जोडून म्हणाले, "सर, असं नगा करू. जागा तुमची हाय."

"जागा सोळा मात्रांची आहे," सर म्हणाले.

एकादशीला आम्ही सगळे गडावर गेलो. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, दादांच्या उजव्या हाताला, सरांच्या जागेवर. सर मागच्या ओळीत टाळ घेऊन. दादा वर गेले. खरंच आवाज लई गोड! आणि वरच्या सुरावर तो थांबला. पण थांबला हे कोणाला कळलंच नाही, कारण तो थांबायच्या आधीच खालून 'सा' आलेला होता. दादांनी खाली बघितलं नाही. ते आप्पांकडे वळले. मी पदराआड बोटांच्या पेरांवर मोजत होते. सोळाव्या पेराला दादांचा आवाज परत आला, आणि पुढच्या ओळीतली म्हातारी माणसं डोलायला लागली. सर टाळ वाजवत होते आणि त्यांची नजर आप्पांच्या वाकड्या कोपरावरून हलत नव्हती.

परत आम्ही बाळासाहेबांच्या गाडीतून आलो. चौसाळा आल्यावर बाळासाहेब एवढंच म्हणाले, "मेंढरं बराबर आली वाडग्यात."

पुढच्या रविवारी मी आठच्या आधीच पोचले. वर्ग होणार की नाही, याचीच धाकधूक होती. वर गेले तर सर आलेले. त्यांचं आसन मोकळं, आणि सर आमच्या सतरंजीवर, पार शेवटी, सोनालीच्या जागेच्या पलीकडे मांडी घालून बसलेले. मी लावलेल्या टिचबटणांचा शर्ट अंगात. आप्पा आले आणि दारातच थबकले.

"ताई, तुझा बो दे," सर मला म्हणाले. मला ते एकेरीतच हाक मारतात, पण ताई कधी म्हणाले नव्हते. मी बो दिला. त्यांनी तो मोकळ्या तारेवर ठेवला, अगदी मुठीपासून.

"आप्पा, मोजा."

आप्पा आसनावर बसले नाहीत. आसनाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मोजायला लागले. सरांचा हात हलत होता, सर धरत होते. दहा गेली. अकरा गेली. बाराव्याला, केशरी सुरू व्हायच्या थोडं आधी, सूर तुटला.

आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले.

"बारा," ते म्हणाले. "फिरून, सर."